लाल इशाऱ्यापासून तळीयेपर्यंत

२२ जुलै २०२१, पहाट. रायगड जिल्ह्याला हवामान खात्याचा लाल इशारा आहे. लाल म्हणजे चोवीस तासांत २०४ मिलिमीटरहून जास्त पावसाची शक्यता. इशारा अलिबागच्या किनाऱ्यालाही तोच आणि पोलादपूरच्या डोंगरालाही तोच. पाऊस किती पडेल हे तो सांगतो, पण कुठला उतार सुटेल हे सांगत नाही.

सकाळ. महाबळेश्वरावर पाऊस कोसळतो आहे. तिथलं पाणी सावित्रीतून पोलादपूरमार्गे महाडला येतं. महाडजवळ गांधारी आणि काळ या नद्याही येऊन मिळतात. पौर्णिमा जवळ आल्यानं खाडीत उधाणाची भरती आहे, त्यामुळे पुराला समुद्राकडे वाट नाही. महाडची बाजारपेठ बुडू लागते. पुराची भाषा महाडकरांना येते. दुकानदार माल माळ्यावर चढवतात.

दुपार. रस्ते पाण्याखाली आहेत आणि ठिकठिकाणी दरडी आल्या आहेत. वीज आणि फोनचा भरवसा राहिलेला नाही. सगळ्यांचं लक्ष नदीकडे आहे, आणि धोका वर, डोंगरात साठतो आहे. खालच्या कातळावर माती-मुरुमाचा जाड थर असतो. पाणी त्यातून झिरपतं, कातळापाशी अडतं, दाब वाढतो आणि मातीची पकड सुटते. म्हणून केवळ आजचा पाऊस पाहून भागत नाही, मागच्या काही दिवसांची बेरीज लागते. ही बेरीज त्या दुपारी वाडीतल्या माणसाला, त्याला कळेल अशा शब्दांत, कोण सांगणार होतं? भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणानं दरडींचा प्रायोगिक अंदाज २०२० मध्ये सुरू केला होता, पण तो दार्जिलिंग, कालिम्पाँग आणि निलगिरीसाठी. महाड तालुक्यातल्या जुई, दासगाव, रोहण, कोंडिवते या गावांवर २००५ च्या जुलैत दरडी कोसळून दीडशेहून अधिक माणसं गेली होती. तरीही सह्याद्रीचा हा भाग त्या यादीत नव्हता. मला हे अक्षम्य वाटतं.

दुपारी चारच्या सुमारास. महाड तालुक्यातल्याच तळीये गावात आधी थोडी माती खाली येते. वाचलेल्यांनी सांगितलं ते असं: लोक घराबाहेर पडले, एकमेकांना हाका मारत सुरक्षित वाटलेल्या जागी जमू लागले, आणि मग डोंगर आला. म्हणजे इशारा मिळाला तो डोंगराकडूनच, आणि तो मानूनही लोक वाचले नाहीत. बाहेर पडायचं एवढं पुरत नाही. कुठे जायचं हे आधीच ठरलेलं असावं लागतं.

रात्र. महाड पाण्यात आहे, तळीयेकडे मदत पोहोचत नाही. त्याच पावसात पोलादपूर तालुक्यात साखर सुतारवाडी आणि केवनाळे इथे दरडींनी ११ जणांचा बळी घेतला.

२३ जुलै, सकाळी साडेआठ. महाबळेश्वरच्या पावसाची चोवीस तासांची नोंद पूर्ण होते: ५९४ मिलिमीटर. तळीये गाडलं जाऊन तोवर सोळा तास झाले आहेत. अशा पावसाचा कल आधीच माहीत होता: पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्येच दाखवलं होतं की १९५० पासून मध्य भारताच्या पट्ट्यात मोठ्या क्षेत्रावरच्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीनं वाढल्या आहेत.

२३ जुलै, दुपार. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल तळीयेत पोहोचतं. शोध थांबला तेव्हा ५३ मृतदेह हाती आले होते; उरलेल्या ३१ बेपत्ता माणसांना मृत मानण्यात आलं.

दोन वर्षांनी, १९ जुलै २०२३ च्या रात्री, याच जिल्ह्यातल्या खालापूर तालुक्यात इर्शाळवाडी गाडली गेली. दरडप्रवण गावांच्या यादीत तिचं नाव नव्हतं, असं सरकारनंच सांगितलं.