वॅगनरचा तट

१६ जुलै १८६३, रात्री दहाच्या सुमारास. दक्षिण कॅरोलायनातल्या जेम्स बेटावरून ५४व्या मॅसॅच्युसेट्स पलटणीला निघण्याचा हुकूम मिळतो. पहिली खरी चकमक त्याच सकाळी झालेली. शिपाई सारे कृष्णवर्णीय. कर्नल रॉबर्ट गूल्ड शॉ गोरा, वय २५. पाऊस, विजा, दलदल. अरुंद फळ्यांवरून एकामागे एक जायचे. पाय घसरला की खाली चिखल.

१७ जुलै, दिवसभर. कोल बेटाच्या वाळूत, रणरणत्या उन्हात बोटीची वाट. शॉ बॉस्टनच्या श्रीमंत, गुलामगिरीविरोधी घरातला. हार्वर्ड अर्धवट सोडलेले; एप्रिल १८६१ मध्ये अमेरिकेत उत्तर-दक्षिण यादवी पेटताच उत्तरेच्या बाजूने स्वयंसेवक म्हणून भरती झाला. अँटीटमच्या लढाईत मानेला ओझरते लागले. फेब्रुवारी १८६३ मध्ये गव्हर्नर अँड्र्यूचे पत्र घेऊन वडील स्वतः छावणीत आले, तेव्हा या पलटणीचे नेतृत्व त्याने आधी नाकारले, मग स्वीकारले. मे महिन्यात लग्न झाले आणि २८ तारखेला पलटण बॉस्टनहून निघाली. शिपायांना गोऱ्यांप्रमाणे महिना १३ ऐवजी १० डॉलर, त्यांतलेही ३ कपड्यांचे कापून, असे कळल्यावर पुरता पगार द्या नाहीतर पलटण मोडा, असे त्याने गव्हर्नरला ठणकावून लिहिले. दहा वर्षांनी जोतीराव फुल्यांनी आपले ‘गुलामगिरी’ हे पुस्तक गुलामीविरुद्ध झटलेल्या ज्या अमेरिकनांना अर्पण केले, ती अशी माणसे.

रात्र. मुसळधार पावसात एकाच गळक्या होडीतून, जेमतेम तीस-तीस जण करत, पलटण आगबोटीवर चढते. कोणाला झोप नाही.

१८ जुलै, सकाळ. मॉरिस बेटावरच्या, दक्षिणेच्या ताब्यातल्या वॅगनर किल्ल्यावर जमिनीवरून आणि समुद्रातून तोफा धडाडू लागतात. दिवसभर वाळू उडत राहते. आत कोणी उरले नसेल, असे सेनापतींना वाटते. प्रत्यक्षात बहुतेक शिबंदी वाळूखालच्या भक्कम आसऱ्यात सुखरूप आहे. पुढचा सगळा अनर्थ या एका चुकीच्या अंदाजातून झाला, असे मी मानतो.

संध्याकाळी सहाच्या सुमारास. दोन दिवस धड न जेवलेली पलटण मॉरिस बेटावर जनरल स्ट्राँगपुढे हजर होते. किल्ल्यावरच्या हल्ल्यात आघाडीला राहणार का, असे तो विचारतो. आपल्या माणसांना गोऱ्यांच्या खांद्याला खांदा लावून लढू द्या, असे ६ जुलैला शॉनेच त्याला लिहिले होते. शॉ होकार देतो. अशा थकलेल्या माणसांना तो प्रश्न विचारायलाच नको होता.

साडेसात. शॉ घरची पत्रे एका वार्ताहर मित्राकडे सोपवतो. घोडा मागे पाठवून पायी पुढे उभा राहतो. बंदुका भरलेल्या, पण केप न चढवलेल्या; संगिनी लावलेल्या. उजवीकडे समुद्र, डावीकडे दलदल, मधे वाळूची चिंचोळी पट्टी. आज तुमच्याकडे हजारोंचे डोळे लागले आहेत, असे तो शिपायांना सांगतो.

पावणेआठ. सुमारे ६०० जण निघतात. किल्ल्याजवळ पोचताच तटावर बंदुका उगवतात. शॉ खंदक ओलांडून तटाच्या माथ्यावर चढतो आणि तिथेच गोळी लागून कोसळतो. सार्जंट विल्यम कार्नी जखमी होऊनही निशाण खाली पडू देत नाही. मागून आलेल्या पलटणीही मागे रेटल्या जातात.

मध्यरात्रीनंतर. ५४व्या पलटणीचे २७२ जण मृत, जखमी किंवा बेपत्ता. दुसऱ्या दिवशी शत्रू शॉला त्याच्या शिपायांबरोबर एकाच खड्ड्यात पुरतो. मुलगा तिथेच राहू द्या, असे वडील पुढे कळवतात. समान पगाराचा कायदा काँग्रेसने जून १८६४ मध्ये केला. तोवर पलटणीने पगाराला हात लावला नव्हता.