चुलीचा जमाखर्च

उज्जैनच्या रेल्वे स्थानकातून बाहेर पडलेला यात्रेकरू प्रथम देवास गेटच्या वर्दळीत सापडतो. बसगाड्या आणि उपाहारगृहे यांच्या त्या गर्दीत 'देवास गेट' या नावाकडे कोणाचे विशेष लक्ष जात नाही. तथापि हे नाव देवासच्या वाटेचे आहे, आणि ती वाट मराठ्यांच्या माळव्याची आहे. देवास पवारांचे, तर उज्जैन शिंद्यांचे. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात राणोजी शिंदे यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनी महाकालेश्वराच्या मंदिराचा जीर्णोद्धार केला. हे सुखटणकर सारस्वत, म्हणजे आपल्याच किनाऱ्याकडील कुळातले होते. राज्यकर्त्यांच्या मागोमाग मराठी कुटुंबेही माळव्यात स्थिरावली. त्यांच्या तलवारीचा आणि देवालयांचा इतिहास आपण वाचतो. त्यांच्या घरांतल्या चुलीचा इतिहास मात्र सहसा कोणी विचारीत नाही.

महाकालास पहाटे भस्म अर्पण करतात. ते गोवऱ्या आणि शमी, पिंपळ, पळस इत्यादींची लाकडे जाळून सिद्ध होते. घरोघरच्या चुलीत जळणाऱ्या वस्तूही बहुधा याच जातीच्या होत्या आणि तेथील राखही वाया जात नसे. तिने भांडी घासली जात, बियाणे राखले जाई आणि उरलेली परसात टाकली जाई. रात्री निखारे राखेखाली झाकून ठेवावयाचे आणि सकाळी त्यांवरच फुंकर घालून चूल पेटवावयाची, हा तर नित्याचा परिपाठ होता.

जळणाची काटकसर चुलीच्या रचनेतच होती. मुख्य चुलीला लागून वैल असे. चुलीतील जाळाची बाजूने जाणारी धग तिच्यावरील आमटीला वा दुधाला मिळे. डाळ आधी भिजत घालीत. भांड्यावर पाण्याने भरलेले झाकण ठेवीत, म्हणजे वाफ कोंडली जाई आणि वरचे पाणीही तापे. कोकणात आणि गोव्यात न्हाणीच्या चुलीला झावळ्या व नारळाची सोडणे पुरत. चांगले लाकूड रांधपासाठी राखले जाई. या रीतींना कोणी शास्त्र म्हटले नाही, परंतु त्यांच्यामागे शास्त्र होतेच. उघड्या चुलीतील उष्णतेचा अगदी थोडा भाग भांड्यास पोहोचतो, बाकीची हवेत जाते. शिवाय पाण्यास एकदा उकळी आली, की जाळ कितीही वाढविला तरी अन्न अधिक लवकर शिजत नाही. फक्त पाणी आटते.

एवढे असूनही या जमाखर्चात एक मोठी रक्कम लिहावयाची राहून गेली होती. ती म्हणजे धूर. लाकूड वाचले, पैसा वाचला, परंतु ओल्या काटक्या आणि अर्धवट वाळलेल्या गोवऱ्या फुंकता फुंकता घरच्या गृहिणीचे डोळे गेले. चुलीच्या धुरामुळे मोतीबिंदू व फुप्फुसांचे विकार होतात, लहान मुलांस न्यूमोनिया जडतो, हे आज वैद्यकास निश्चित ठाऊक आहे. तेव्हा मात्र तो स्त्रीचा प्राक्तनभोग समजला जाई.

ही चूक दुरुस्त करण्याचा एक मोठा प्रयत्न वर्ध्यास झाला. १९३४ साली गांधीजींच्या प्रेरणेने अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. त्याचे कार्य मगनवाडीत चाले आणि त्याची धुरा जे. सी. कुमारप्पा यांनी वाहिली. तेथूनच 'मगन चूल' निघाली. मातीची चूल, एका रांगेत भांड्यांसाठी तोंडे आणि शेवटी धुराडे, इतकीच तिची मांडणी. धूर बाहेर जाण्यापूर्वी दुसऱ्या भांड्यास ऊब देऊन जाई. काटकसर आणि आरोग्य ही दोन्ही खाती तिने एकाच वहीत आणली. हैदराबादेत एस. पी. राजू यांनीही निर्धूर चुलीवर काम केले. त्यांचे पुस्तक १९५३ साली प्रसिद्ध झाले. पुढे खादी ग्रामोद्योग आयोगाने गोबरगॅसचा प्रसार हाती घेतला. गोवरी जाळली म्हणजे शेताचे खत जळते. येथे मात्र चुलीस वायू मिळून खतही शिल्लक राहते.

१९८३ च्या सुमारास सरकारने सुधारलेल्या चुलींची देशव्यापी मोहीम सुरू केली. लक्षावधी चुली बांधल्या गेल्या आणि पुष्कळशा लवकरच मोडीत निघाल्या. धुराडी काजळीने तुंबली, तोंडे घरच्या भांड्यांस बसेनात. जिने रोज त्या चुलीपुढे बसावयाचे, तिला विचारून ती बांधलेली नव्हती. २०१६ साली उज्ज्वला योजनेने गरिबांच्या घरी गॅस पोहोचविला. तरीही पुढच्या सिलिंडरचे पैसे जुळेनात म्हणून कित्येक घरांत जुनी चूल पुन्हा पेटते. सुधारणा दारात येणे आणि ती घरात टिकणे, या दोन वेगळ्या गोष्टी होत.

देवस्थानांनीही हा धडा घेतला आहे. शिर्डीच्या साईसंस्थानाने २००९ साली प्रसादालयावर ७३ सौर तबकड्या बसविल्या आणि त्यांच्या वाफेवर अन्न शिजू लागले. ज्या उज्जैनीत सवाई जयसिंगाच्या वेधशाळेने सूर्याची छाया मोजली, तेथील वाचकांस यात नवल वाटू नये.

घरी तबकडी बसविणे सर्वांस शक्य नाही. परंतु डाळ भिजविणे, झाकण ठेवणे, कुकर वापरणे, उकळी येताच ज्योत मंद करणे, बर्नर स्वच्छ राखणे, एवढे कोणासही साधेल. मात्र हिशेब करताना सिलिंडर किती दिवस पुरला एवढेच पाहू नये. स्वयंपाकघरात उभी राहणारी व्यक्ती मोकळा श्वास घेते की नाही, हेही पाहावे. आपल्या आज्यांनी जळण वाचविले ते डोळ्यांचे मोल देऊन. ते मोल पुन्हा कोणास द्यावे लागू नये.