गिरणीतली माणसे सभेत उभी राहिली



कोल्हापूरच्या आसपासच्या गावांतून एक गोष्ट नेहमी पाहायला मिळते. तालमीच्या कट्ट्यावर किंवा गुऱ्हाळाच्या चुलवाणाशी जो गडी तासभर सगळ्यांना हसवतो, भांडण लागले तर बोलण्यात चौघांना गार करतो, त्यालाच शाळेच्या कार्यक्रमात कोणी म्हणावे, "आप्पा, दोन शब्द बोला की!" की आप्पांचा घसा कोरडा पडतो. ते पटका सावरतात, मागे सरकतात आणि म्हणतात, "गुरुजी हाईत की, त्यास्नीच सांगा." शिक्षक मंडळींना हा अनुभव काही नवा नाही.

आता आप्पांना बोलता येत नाही असे थोडेच आहे? पण कट्ट्यावरचे बोलणे वेगळे आणि सभेत उभे राहून बोलणे वेगळे. पूर्वी चावडीवर कोणी बोलायचे हे ठरलेले असे. पाटील बोलत, कुलकर्णी वाचून दाखवीत, आणि बाकीच्यांनी विचारले तर उत्तर द्यायचे. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांनी फक्त उत्तरेच दिली, त्यांनी एके दिवशी आपणहून उभे राहून "माझे म्हणणे असे आहे" असे सांगायचे, ही काही लहान गोष्ट नव्हे. आपल्या महाराष्ट्रात कष्टकरी माणसे हे कुठे शिकली, कशी शिकली, ते आज तुम्हाला सांगायचे आहे. त्यासाठी प्रथम मुंबईला जावे लागेल. नंतर आपण कोल्हापूरला परत येऊ.

भाषणे करण्यासाठी मंडळी स्थापन करायची, ही कल्पना आपल्याकडे इंग्रजी शिकलेल्या तरुणांनी आणली. १८४८ साली मुंबईत एल्फिन्स्टन संस्थेतल्या विद्यार्थ्यांनी अशी सभा काढली. तिची मराठी शाखा म्हणजे उपयुक्त ज्ञानप्रसारक सभा. दादोबा पांडुरंग हे तिचे पहिले अध्यक्ष. निबंध लिहून आणायचा, सर्वांसमोर वाचायचा आणि मग त्यावर चर्चा, असा तिथला परिपाठ. पुढे १८७५ मध्ये न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू झाली, ती तर आजही चालू आहे. ही कामे मोलाची झाली, यात शंका नाही. पण या दिवाणखान्यांत गिरणीतला माणूस कुठे होता? तो त्या वेळी साच्यावर उभा होता.

त्या काळची गिरणी डोळ्यांसमोर आणा. दिवस उजाडला की यंत्रे सुरू, मावळला की बंद. म्हणजे उन्हाळ्यात दिवस मोठा, म्हणून कामही मोठे. आठवड्याची हक्काची सुट्टी नाही. जेवणाला ठरलेली वेळ नाही. पगार महिना उलटून गेला तरी हाती पडेलच असे नाही. आणि मालकापेक्षाही जवळचा धाक जॉबरचा. त्याने कामावर घ्यायचे, त्यानेच काढायचे. बहुतेक माणसे कोकणातली आणि घाटावरची. गावाकडे तोंडे खायला बसलेली. अशा माणसाने चारचौघांत तोंड उघडायचे म्हणजे पोटावर पाय ओढवून घेण्यासारखेच होते.

या माणसांना सभेची वाट दाखविली नारायण मेघाजी लोखंडे यांनी. त्यांचा जन्म १८४८ चा, ठाण्याचा. शिक्षण बेताचेच. रेल्वेत, टपाल खात्यात त्यांनी नोकरी केली आणि नंतर मांडवीच्या एका गिरणीत ते भांडारपाल झाले. म्हणजे साचा चालविणारे कामगार ते नव्हते हे खरे; पण गिरणीच्या आत काय चालते ते त्यांनी रोज पाहिले होते. महात्मा फुले यांच्या सत्यशोधक समाजाचे ते कार्यकर्ते. १८८० साली त्यांनी 'दीनबंधु' पत्र हाती घेतले आणि मग नोकरी सोडून सगळा वेळ याच कामाला दिला.

१८८४ मध्ये सरकारने गिरण्यांच्या चौकशीसाठी कमिशन नेमले. कमिशनपुढे मालकांची बाजू मांडायला माणसांची वाण नव्हती. कामगारांची कोण मांडणार? लोखंडे यांनी २३ आणि २६ सप्टेंबर १८८४ रोजी मुंबईत कामगारांच्या सभा घेतल्या. सभेत मागण्या ठरल्या: रविवारी पूर्ण सुट्टी, दुपारी अर्धा तास विसावा, सकाळी साडेसहाला काम सुरू आणि सूर्यास्ताला बंद, मागल्या महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत, आणि कामावर अपघात झाला तर बरे होईपर्यंत पगार व कायमचे पंगुत्व आल्यास निर्वाहाची सोय. या अर्जावर सुमारे ५,५०० कामगारांच्या सह्या झाल्या.

याच सुमारास उभा राहिलेला लोखंडे यांचा गिरणी कामगारांचा संघ हिंदुस्थानातील कामगार चळवळीचा आरंभ मानला जातो. पण इतिहासकार एक आक्षेप घेतात. या संघाला घटना नव्हती, सभासदांची यादी नव्हती, वर्गणी नव्हती, निधी नव्हता. मग तो संघ कसला? आक्षेप खोटा नाही. पण मला वाटते, त्यातच खरी गंमत आहे. ज्या संघाजवळ पैसा नाही, दप्तर नाही, कचेरी नाही, त्याच्याजवळ होते तरी काय? सभा होती. चार माणसांनी एकत्र यायचे, अध्यक्ष निवडायचा आणि बोलायचे, एवढेच त्याचे भांडवल.

सभेची रीत तुम्ही पाहिली आहेच. एकाने ठराव मांडायचा, दुसऱ्याने अनुमोदन द्यायचे, तिसऱ्याने पाठिंबा, मग सर्वांनी हात वर करायचे. ही रीत कोरडी वाटते खरी, पण तिच्यात एक मोठी सोय आहे. एकटा पुढारी कितीही सुंदर बोलला तरी ठराव काही त्याच्या एकट्याच्या तोंडून होत नाही. दुसरा कोणीतरी उभा राहावाच लागतो. अनुमोदन देणाऱ्याने दोनच वाक्ये बोलली तरी चालतात. आणि ज्याने आयुष्यात पहिल्यांदा दोन वाक्ये बोलली, तो पुढच्या सभेत चार बोलतो. शिक्षक मंडळींनो, वर्गातल्या लाजऱ्या पोराला आपण असेच पुढे आणतो की नाही?

कमिशनने अर्ज घेतला, पण पदरात काही पडले नाही. दुसरा एखादा कंटाळून घरी बसला असता. लोखंडे यांनी सभा आणि अर्ज यांचा नाद सोडला नाही. सहा वर्षे गेली आणि २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या रेसकोर्स मैदानावर कामगारांची प्रचंड सभा भरली. दहा हजार माणसे! ध्वनिक्षेपक तेव्हा नव्हता, बरे का. इथे आम्ही बंद खोलीत यंत्रापुढे हळू आवाजात बोलतो आणि ते तुमच्या ओसरीवर ऐकू येते; तिथे उघड्या मैदानात नुसत्या छातीच्या जोरावर बोलायचे होते.

त्या सभेत दोन स्त्रिया बोलल्या. गिरणीत काम करणाऱ्या स्त्रिया. इतिहासाच्या पुस्तकांतून 'दोन स्त्री-कामगार' एवढीच त्यांची ओळख छापली जाते. त्या धीटपणाची किंमत कळायची असेल तर एक तुलना करून पाहा. काँग्रेसच्या अधिवेशनात स्त्रीने बोलल्याचा पहिला प्रसंग म्हणून डॉ. कादंबिनी गांगुली यांचे नाव घेतात. त्या कलकत्त्याच्या अधिवेशनात अध्यक्षांचे आभार मानायला उभ्या राहिल्या, तो महिना डिसेंबर १८९०. म्हणजे शिकलेल्या, डॉक्टर झालेल्या बाईंच्या आधी काही महिने महालक्ष्मीच्या मैदानात गिरणीतल्या बायका बोलून गेल्या होत्या! त्यांना आभार मानायचे नव्हते. त्यांना आठवड्याचा एक दिवस मागायचा होता. घरचे धुणे-पाणी, लेकरांची न्हाणी, दळण, हे सगळे ज्या दिवशी उरकता येईल असा एक दिवस.

आणि तो मिळाला. १० जून १८९० रोजी मुंबईच्या गिरणीमालक संघाने रविवारची सुट्टी मान्य केली. पुढच्या वर्षी, १८९१ मध्ये, फॅक्टरी कायद्याची दुरुस्ती झाली आणि आठवड्याची सुट्टी कायद्यात आली. स्त्रियांच्या कामाला अकरा तासांची मर्यादा पडली. पुरुषांच्या तासांना मर्यादा पडायला मात्र १९११ साल उजाडावे लागले. सभांच्या जोराबरोबर या कायद्यामागे इतर कारणेही होती. विलायतेतल्या कापड गिरण्यांना इथल्या गिरण्यांची स्पर्धा नको होती, म्हणून तिकडूनही दडपण येत होते. हे विसरून नुसता जयजयकार करणे बरे नव्हे. परंतु आमच्या माणसांना नेमके काय हवे आहे, ते आमच्याच माणसांच्या तोंडून कळले, हे काही खोटे ठरत नाही.

लोखंडे पुढे फार जगले नाहीत. मुंबईत प्लेगची साथ आली, तिच्यात रोग्यांची सेवा करता करता ९ फेब्रुवारी १८९७ रोजी ते वारले.

आता कोल्हापूरला परत येऊ. १९०६ साली शाहू महाराजांनी शहरात कापडाच्या गिरणीचा पाया घातला. शाहू मिल आता बंद आहे, पण तिचे नाव इथल्या जुन्या माणसांच्या तोंडी आहे. ज्या सत्यशोधक समाजातून लोखंडे आले, त्याच समाजाची शाखा १९११ च्या जानेवारीत कोल्हापुरात निघाली. मग हळूहळू खेडोपाडी जलसे फिरू लागले. ढोलकी तमाशाची, पण वगाच्या जागी सावकार, अडाणीपणा आणि शाळा यांची बोलाचाली. ज्याने व्याख्यान या शब्दाला भ्यावे, तोच शेतकरी जलशात हजारभर माणसांपुढे बिनदिक्कत बोलू लागला. मला विचाराल तर आपल्या खेड्यांतला वक्तृत्वाचा पहिला वर्ग जलशातच भरला.

महाराजही १९१८ साली मुंबईला परळमध्ये कामगारांच्या सभेत बोलले. संघ करा, एकजूट करा, असे एका राजाने गिरणीतल्या माणसांना सांगितले. आणि दोनच वर्षांनी, २१ आणि २२ मार्च १९२० रोजी, आज हातकणंगले तालुक्यात असलेल्या माणगावी अस्पृश्य वर्गाची परिषद भरली. अध्यक्ष होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर, वय अठ्ठावीस. महाराज स्वतः आले आणि बोलले. ज्यांना गावच्या चावडीची पायरी चढता येत नव्हती, अशी माणसे तिथे मांडवात बसली होती. ठराव त्यांचे होते, हात त्यांचे वर होत होते, आणि संस्थानचा राजा ऐकायला बसला होता.