‘प्रत्येक’ आणि ‘एखादे’
‘प्रत्येक पावसाला साजेसे एखादे बी असते’ आणि ‘असे एखादे बी असते की जे प्रत्येक पावसाला साजते’, ही दोन विधाने एक नव्हेत. पहिल्यात पाऊस पाहून बी निवडावयाचे. दुसऱ्यात आधीच पेरावयाचे. क्रमाचा हा भेद चिन्हांत प्रथम नेमका बांधला तो जर्मन तर्कज्ञ गोटलोब फ्रेगे यांनी, १८७९ साली. अशी विधाने पारखणे संगणकालाही किती दुष्कर, हे स्टॉकमायर व मायर यांनी १९७३ मध्ये दाखविले. १९८५ मध्ये पापादिमित्रिऊ यांनी निसर्गालाच प्रतिपक्षी खेळाडू कल्पिले. मात्र तो यदृच्छेने चाल करतो. वैऱ्याशी खेळताना प्रत्येक चालीची तरतूद हवी. निसर्गाशी खेळताना संभव तोलावा लागतो. तेव्हा योजना आखणाऱ्याने दोन गोष्टी आधी विचाराव्या: निवड पाऊस पाहून करावयाची की पाहण्यापूर्वी, आणि समोर वैरी आहे की निव्वळ योगायोग.