औरंगाबादेतला फ्रेंच उमराव: बुसी, सोयरीक आणि भाऊबंदकी

१/ आमच्या बजाजनगरहून दौलताबादचा किल्ला फार लांब नाही. त्याचे यादव, तुघलक, निजामशाही आणि मुघल धनी सर्वांना ठाऊक असतात. १७५८ साली काही काळ तो एका फ्रेंच सेनानीच्या हाती होता, हे सहसा सांगितले जात नाही.

२/ त्याचे नाव शार्ल-जोसेफ पातिस्ये, पुढे मार्क्विस द बुसी. मराठी ग्रंथांतला हाच ‘बुसी’. पाँडिचेरीचा गव्हर्नर डुप्लेक्स याचा तो उजवा हात. डुप्लेक्सच्या सावत्र मुलीशी त्याचे लग्नही ठरले होते, पण ते झाले नाही.

३/ दख्खनेत त्याला वाट मिळाली ती भाऊबंदकीतून. १७४८ मध्ये पहिला निजाम वारला. तीन वर्षांच्या आत गादीवर आलेला एक मुलगा आणि एक नातू मारले गेले. १७५१ मध्ये बुसीने सलाबतजंग या दुसऱ्या मुलाला गादीवर बसवून औरंगाबादेत आणले.

४/ त्याच वर्षी चंद्रग्रहणाच्या रात्री त्याने कुकडीकाठी नानासाहेब पेशव्यांच्या छावणीवर छापा घातला. १७५३ मध्ये फौजेच्या पगारासाठी त्याने सलाबतजंगाकडून पूर्व किनाऱ्यावरचे चार सरकार मिळवले.

५/ पण ज्या भाऊबंदकीवर ही सत्ता उभी होती, तिनेच ती पोखरली. मे १७५८ मध्ये सलाबतचा भाऊ निजामअली याच्या गोटात बुसीचा दिवाण हैदरजंग मारला गेला. त्या धामधुमीत फ्रेंचांच्या कैदेत असलेला माजी दिवाण शाहनवाजखान धाकट्या मुलासह ठार झाला.

६/ शाहनवाजखान इतिहासकार होता. मुघल उमरावांची चरित्रे सांगणारा त्याचा ‘मआसिर-उल-उमरा’ हा फारसी ग्रंथ घराच्या लुटीत हरवला. औरंगाबादचे विद्वान आझाद बिलग्रामी यांनी त्याची विखुरलेली पाने शोधून जुळवली. पुढे मुलगा अब्दुल हय्य याने तो पूर्ण केला. मराठा सरदारांच्या अभ्यासालाही तो आज लागतो.

७/ बुसीला त्याच वर्षी दख्खन सोडावी लागली. १७६० मध्ये वांदिवाशला तो इंग्रजांच्या हाती सापडला. फ्रान्सला परतल्यावर त्याने मंत्री श्वाझल याच्या नात्यातल्या मुलीशी लग्न केले. १७८३ मध्ये तो पुन्हा भारतात आला आणि १७८५ मध्ये पाँडिचेरीत वारला.

८/ बुसीने सोयरिकीतून आणि इतरांच्या घरभेदातून जे मिळवले, त्यातले इथे काहीच उरले नाही. ज्याचा जीव त्या राजकारणात गेला, त्याचे पुस्तक मात्र एका स्नेह्याने आणि मुलाने वाचवले. दौलताबादला गेलात, तर पुढे खुलताबादेपर्यंत जा. आझाद बिलग्रामींची कबर तिथे आहे.