‘ध’चा ‘मा’ आणि राघोबादादा

लिखित मजकुरात लबाडीने फेरफार करणे या अर्थी ‘ध’चा ‘मा’ करणे हा वाक्प्रचार मराठीत रूढ आहे. त्याचा उगम रघुनाथराव ऊर्फ राघोबादादा पेशवे यांच्या चरित्रात सांगितला जातो. पुतण्या नारायणराव यास ‘धरावे’ अशी आज्ञा दादांनी गारद्यांस दिली व आनंदीबाईंनी तिचे ‘मारावे’ केले, ही ती परंपरागत कथा होय. या एका अक्षराच्या आधारे दादांच्या चरित्राचा निर्णय कितपत करता येतो, हे प्रस्तुत टिपणात पाहावयाचे आहे.

रघुनाथराव हे थोरल्या बाजीरावांचे धाकटे पुत्र. जन्म १७३४ चा. १७५८ साली त्यांच्या नेतृत्वाखाली मराठी फौजा लाहोरात शिरल्या. त्यांच्या शौर्याविषयी वाद नाही. परंतु १७६१ मध्ये नानासाहेब वारले आणि पेशवाईची वस्त्रे सोळा वर्षांच्या माधवरावांस मिळाली. कर्तबगार चुलता आणि अल्पवयीन पुतण्या यांतील तेढ येथून सुरू होते. १७६२ साली आळेगाव येथे दादांनी निजामाच्या साहाय्याने पुतण्यास नमविले. पुढल्याच वर्षी राक्षसभुवनास दोघे एकत्र लढले. पण सलोखा टिकला नाही. १७६८ मध्ये धोडप येथे माधवरावांनी दादांचा पाडाव करून त्यांस शनिवारवाड्यात नजरकैदेत ठेविले.

माधवराव १७७२ च्या नोव्हेंबरात निवर्तले. त्यांचा धाकटा भाऊ नारायणराव पेशवा झाला आणि ३० ऑगस्ट १७७३ रोजी त्याच वाड्यात गारद्यांकडून मारला गेला. पेशवेपद दादांकडे आले. रामशास्त्री प्रभुणे यांनी त्यांस दोषी ठरविले. बारभाईंनी नारायणरावांच्या मृत्यूनंतर जन्मलेल्या सवाई माधवरावांचा पक्ष धरला. दादांनी १७७५ मध्ये सुरतेस इंग्रजांशी तह केला व त्यातून युद्ध ओढवले. १७८२ च्या सालबाईच्या तहाने त्यांचा हक्क संपला. १७८३ साली कोपरगाव येथे ते वारले.

इंग्लंडच्या इतिहासातही असाच एक चुलता आढळतो. ग्लॉस्टरचा ड्यूक रिचर्ड हा १४८३ मध्ये बारा वर्षांच्या पुतण्याचा पालक झाला आणि काही महिन्यांतच स्वतः राजा बनला. दोघे अल्पवयीन राजपुत्र लंडनच्या टॉवरमधून नाहीसे झाले. त्याची लोकप्रतिमा पुढे शेक्सपिअरच्या नाटकाने घडविली. दादांची एका वाक्प्रचाराने.

आता त्या अक्षराकडे वळू. ‘धरावे’ आणि ‘मारावे’ या रूपांत धातू निराळे आहेत; विध्यर्थाचा ‘-आवे’ हा प्रत्यय मात्र एकच आहे. म्हणजे कथा जशीच्या तशी खरी मानली तरी आज्ञा देणारा बदलत नाही. गादीवरील पेशव्यास त्याच्याच वाड्यात, भाडोत्री शिपायांकरवी, ‘धरावे’ असे सांगणे हाही राजद्रोहच होता. शस्त्र हाती असलेल्या गारद्यांवर अशी कामगिरी सोपविणाऱ्यास तिच्या परिणामाची जबाबदारी टाळता येत नाही.

तरीही या वाक्प्रचाराने दोषाचा मुख्य भार आनंदीबाईंच्या माथी मारला आणि दादांची आज्ञा जवळजवळ निरुपद्रवी ठरविली. त्यांचा वाटा काय होता, हे स्वतंत्रपणे तपासावयास हवे. पण म्हणी ऐतिहासिक साक्षीच्या जागी बसवू नयेत. वाक्प्रचार लोकांस काय पटले ते सांगतो. काय घडले ते सांगण्यास तो बांधलेला नसतो.