पाटणचा मठ आणि ज्याभावना

खानदेश म्हटला म्हणजे तापीचें खोरें, कपाशीचीं शेतें आणि उत्तरेची सातपुड्याची रांग एवढेंच चित्र बहुतेकांच्या डोळ्यांपुढें उभें राहतें. १९०६ सालीं या प्रांताचे पूर्व व पश्चिम असे दोन जिल्हे झाले आणि १९९८ मध्यें धुळ्यापासून नंदुरबार निराळा झाला. त्यामुळें नंदुरबार, धुळें व जळगांव हीं नांवें आपण आतां वेगवेगळीं घेतों. नंदुरबारच्या महाविद्यालयीन विद्यार्थ्यास रेषीय बीजगणितांत ‘युनिटरी परिवर्तन’ हा शब्द प्रथम भेटतो, तेव्हां तो सर्वस्वीं परका वाटणें साहजिक आहे. परंतु त्या शब्दामागील कल्पनेचा एक धागा त्याच्याच जुन्या खानदेशांत, चाळीसगांवजवळच्या पाटण या गांवीं सांपडतो.

पाटण येथील देवीच्या देवळांतील शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनीं १८६५ मध्यें विद्वानांपुढें आणला. त्यांत शके ११२८ चा निर्देश आहे. यादव राजा सिंघण याचा ज्योतिषी चांगदेव यानें आपले आजोबा भास्कराचार्य यांच्या ग्रंथांच्या अध्यापनासाठीं येथें मठ स्थापिला आणि निकुंभवंशीय सोइदेवानें त्यास दान दिलें, असें हा लेख सांगतो. लेखाचा बहुतेक भाग संस्कृत आहे. शेवटीं मठास मिळावयाच्या उत्पन्नाचा तपशील मात्र जुन्या मराठींत आहे. पेठेंतल्या मालावरील वांट्यावर गणिताची शाळा चालावी, ही व्यवस्था लक्षांत ठेवण्याजोगी आहे.

त्या मठांत शिकविला जाणारा मुख्य ग्रंथ म्हणजे सिद्धान्तशिरोमणि. शके १०३६ मध्यें जन्मलेल्या भास्कराचार्यांनीं तो वयाच्या छत्तिसाव्या वर्षीं, म्हणजे इ. स. ११५० मध्यें रचिला. त्यांतील ज्योत्पत्ति या प्रकरणांत दोन चापांच्या ज्या व कोटिज्या ठाऊक असतां त्या चापांच्या बेरजेची ज्या कशी काढावी, याचा नियम आहे. एकीची ज्या दुसरीच्या कोटिज्येनें गुणावी, पहिलीची कोटिज्या दुसरीच्या ज्येनें गुणावी, दोन्ही गुणाकार मिळवून त्रिज्येनें भागावे. या रीतीस आचार्यांनीं ‘भावना’ हें नांव दिलें: बेरजेसाठीं समासभावना, वजाबाकीसाठीं अंतरभावना.

हें नांव सहज पडलेलें नाहीं. इ. स. ६२८ मध्यें ब्रह्मगुप्तानें वर्गप्रकृतीच्या प्रश्नांत दोन उत्तरांच्या तिरप्या गुणाकारांतून तिसरें उत्तर काढण्याची रीति दिली होती. तिलाच भावना म्हणत. म्हणजे बीजगणितांतील एक युक्ति आणि वर्तुळांतील ज्यांचा नियम यांचें रूप एकच आहे, हें भास्कराचार्यांनीं ओळखलें होतें.

उदाहरण घेऊं. ३ व ४ या भुजांचा कर्ण ५. ५ व १२ यांचा कर्ण १३. तिरपे गुणाकार ३६ व २० मिळविले तर ५६ येतात. सरळ गुणाकार १५ व ४८ यांचें अंतर ३३. आतां ३३ आणि ५६ यांच्या वर्गांची बेरीज ४२२५, आणि तिचें मूळ ६५, म्हणजे बरोबर ५ गुणिले १३. आतां ३३ व ५६ या दोहोंस १३ नें भागलें कीं कर्ण पुन्हां ५ च राहतो. रेषा फिरली, परंतु तिची लांबी बदलली नाहीं. त्रिज्येनें भागण्याचें मर्म हेंच.

युनिटरी परिवर्तनाचें लक्षण याहून फार निराळें नाहीं: कितीही परिमाणांच्या क्षेत्रांत जें रेषीय परिवर्तन प्रत्येक सदिशाची लांबी जशीच्या तशी राखतें व ज्यास उलटवितां येतें, तें युनिटरी. भेद इतकाच कीं, येथील सहगुणक संमिश्र संख्या असूं शकतात. पुंजभौतिकींत कणाच्या निरनिराळ्या अवस्थांच्या संभाव्यतांची बेरीज नेहमीं १ च राहिली पाहिजे, म्हणून त्याची कालगति अशाच परिवर्तनांनीं सांगतात. फॉन नॉयमन यांनीं १९३२ च्या ग्रंथांत त्या शास्त्राचा गणिती पाया घातला.

मग भास्कराचार्यांस हें सर्व ठाऊक होतें काय? असें म्हणणें म्हणजे त्यांचा गौरव नव्हे. त्यांनीं बीजगणितांत स्पष्ट सांगितलें आहे कीं, ऋण संख्येस वर्गमूळ नाहीं, कारण ती कोणाचाच वर्ग नव्हे. आपल्या संख्यांच्या मर्यादेंत हें विधान निर्दोष आहे. परंतु त्यानेंच संमिश्र संख्यांचा दरवाजा बंद राहिला. युरोपांत वेसेल यांनीं १७९७ मध्यें त्या संख्यांस प्रतलावरील रेषांचा अर्थ दिला, तेव्हां त्यांचा गुणाकार म्हणजे कोनांची बेरीज हें दिसून आलें. त्या गुणाकाराचें सूत्र आणि आपली भावना यांत अक्षराचाही भेद नाहीं. किल्ली आपल्या हातीं होती. ती ज्या कुलपाची, तें कुलूप आहे असें कोणास वाटलें नाहीं.

या इतिहासांत अभिमानास जागा आहे, तशी विचारासही आहे. चांगदेवानें आजोबांचे ग्रंथ शिकविण्याची सोय केली, आणि ते ग्रंथ टिकले. १६५८ मध्यें कमलाकरानें सिद्धान्ततत्त्वविवेकांत ज्याभावनेच्या उपपत्ति दिल्या, म्हणजे पांचशें वर्षांनींही विद्या जिवंत होती. परंतु ग्रंथ जपणें आणि ग्रंथांतील नकारास प्रश्न विचारणें हीं दोन निराळीं कामें होत. पहिलें काम मठानें केलें. ऋणाचें मूळ असलें तर काय होईल, असें विचारणारा शिष्य त्या परंपरेंत पुढें आला नाहीं. नंदुरबारच्या ज्या विद्यार्थ्यास आज तो परका शब्द पुस्तकांत भेटतो, त्यानें पाटणचें नांव अवश्य लक्षांत ठेवावें. पण आजोबांचा वारसा सांगतांना त्यांचा बंद राहिलेला दरवाजाही दाखवावा. ज्ञानाचें खरें ऋण याच मार्गानें फिटतें.